सेक्रेटरीसाहेबांचा त्याग

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय म्हणता? अभिनंदन. आता हे 'गळ्यात पडलं' कायम ठेवा, 'मी उभा राहिलो' असं चुकूनही म्हणू नका. नवा सेक्रेटरी कोण, असं विचारल्यावर सगळे सभासद आपापल्या चपलांकडे बघू लागले आणि तुमची एकट्याचीच मान वर राहिली, एवढंच घडलं. समितीची मुदत पाच वर्षांची असते. तेवढी वर्षं हा किस्सा पुरवायचा आहे.

पद मानद, छदाम मिळत नाही. हे आठवड्यातून एकदा तरी कुणाला ऐकवा, शक्यतो लिफ्टमध्ये. तिथून माणसाला पळता येत नाही.

लिफ्टवरून आठवलं. तिच्या दुरुस्तीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सगळ्या सदनिकांवर सारखाच पडतो, वापरा अगर वापरू नका. तळमजल्यावरच्या काकू दर वर्षी याबद्दल विचारणार. त्यांना नियम वाचून दाखवा आणि हळुवारपणे म्हणा, "काकू, सगळ्यांनीच थोडी झळ सोसायला हवी." झळ नेमकी कुणी सोसायची हे ठरवण्याचं अप्रिय काम तुम्ही अंगावर घेतलंय, हा काय कमी त्याग आहे?

आता प्राधान्यक्रम. फंडात पैसे एका कामाचे, कामं दहा. कंपाउंडची भिंत कललीय, पंप महिन्यातून दोनदा बसतो. इमारतीने तिशी ओलांडल्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं, पण मागचं कधी झालं ते मागच्या सेक्रेटरींनाच ठाऊक आणि ते आता मुलाकडे अमेरिकेत असतात. अशा वेळी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारा. ती तुमच्याबरोबरच सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते आणि जूनपासून पलंगाशेजारी बादली लावून झोपते. ती सांगेल, आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग.

नियमही तुमच्याच बाजूने आहे. गच्चीतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची, एखाद्याच्या बाथरूममधून खाली गळलं तर संबंधित सभासदाच्या. हे ठणकावून सांगा. मात्र तुमच्याच बाथरूममधून खालच्या घरात गळत असेल तर नियम वाचायची घाई नको. तो पाइप आतला की बाहेरच्या भिंतीतला, यावर प्लंबरचं मत मागवा. प्लंबर गावी गेलेला असतो.

वैयक्तिक त्याग लोकांना दिसायला हवा, नाहीतर केल्याचा उपयोग काय? पार्किंगपासून सुरुवात करा. गेटसमोरची ऐसपैस जागा जाहीरपणे सोडून द्या आणि जिन्यामागच्या कोपऱ्यात समाधान माना. कोपऱ्याला छप्पर आहे आणि गेटसमोरच्या जागेवर कावळ्यांचं झाड, हा तपशील इतिवृत्तात आणायचं कारण नाही. गाड्या जास्त, जागा कमी असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, असं उपविधी म्हणतात खरे. पण त्यागाला चिठ्ठी कसली?

काटकसरही स्वतःपासून करा. समितीच्या सभेत समोसे बंद, नुसता चहा. मग त्याच दमात वॉचमनची पगारवाढ पुढच्या वर्षावर ढकला. कुणी कुरकुरलंच तर समोशांची आठवण द्या. वॉचमन काही बोलणार नाही. बारा तास उभा असतो, सभा चालू असते तेव्हाही गेटवरच.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांतच सुरू होते, त्यामुळे अवघड विषय अर्ध्या तासानंतरचे. तरीही वॉटरप्रूफिंगच्या बिलावर आवाज चढलाच, तर खिशातून राजीनामा काढा. "घरच्यांना वेळ देता येत नाही, तब्येत साथ देत नाही," एवढी दोन वाक्यं आणि एक उसासा. लोक पुन्हा चपलांकडे बघू लागतील. मग काकूच म्हणतील, "अहो, असं काय करता? तुमच्याशिवाय आहे कोण?"

राजीनाम्यावर तारीख घालू नका. तीच प्रत पुढच्या सप्टेंबरला चालते.

क्वचित एखादा नवा सभासद हात वर करून म्हणतो, "मी होतो की सेक्रेटरी." घाबरू नका. थकबाकीदाराला समितीवर येता येत नाही. आधी त्याचा मेंटेनन्स भरलाय का ते बघा. भरला असेल तर त्याची पाठ थोपटा आणि सगळ्यांसमोर ऑडिटची फाइल त्याच्या हातात द्या. फाइल रिकामी आहे हे तो घरी गेल्यावर बघेल.