‘सगळं सांगितलं तर पेशंट पळून जाईल’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्णाच्या मनावर येणाऱ्या ताणाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचा प्रतिसाद आला. नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: मनाचे चोचले पुरवायला वॉर्डात कुणाला वेळ नसतो. पेशंटला सगळं सांगत बसलात तर धडधाकट माणूसही टेबलावरून उठून पळेल. तुमचं पित्ताशय काढलं तेव्हा तुम्हाला काहीसुद्धा झालं नाही. मी दिलेला अभ्यास साठ वर्षांपूर्वीचा आहे. तुमच्या थोरल्या भावाची पुढच्या महिन्यात बायपास आहे आणि घरच्यांनी त्यांना काहीही न सांगण्याचं ठरवलंय. आणि शेवटी, ‘असले लेख बायाबापड्यांना घाबरवतात, बाकी काही नाही.’

आधी भाषेबद्दल. मतभेद खुशाल असू द्या, पण हे ‘चोचले’ आणि ‘बायाबापडे’ कुणाला उद्देशून लिहिलंत? उद्या सकाळी आपली छाती उघडणार हे माहीत असलेला माणूस रात्री दोन वाजता छताकडे बघत टक्क जागा असतो. त्यात मी न्यायाधीश पाहिलेत, ट्रक चालवणारे पाहिलेत, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं उघडलेला एक सर्जनही पाहिलाय. हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. शुद्धीवर आल्यानंतर ‘उठून बसा, खोका’ असं सांगायला जी बाई येते, ती मी. त्यामुळे हे विषय मी पुस्तकातून उचलते असं कृपा करून समजू नका.

आता तुमचं ते वाक्य: सगळं सांगितलं की माणूस पळून जाईल. हे मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

लॉरेन्स एग्बर्ट हे भूलतज्ज्ञ. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या 97 रुग्णांवर केलेला अभ्यास 1964 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आदल्या संध्याकाळी समोर बसून सांगितलं: उठल्यावर दुखेल, इथे दुखेल, इतकं दुखेल, एवढा काळ दुखेल. जखमेखालचे स्नायू आखडतात म्हणून दुखतं. हळू, खोल श्वास घेऊन पोट सैल सोडायचं कसं, कुशीवर वळायचं कसं, हे दाखवलं. एवढं करून नाहीच सोसलं तर औषध मागा, असंही सांगितलं. दुसऱ्या गटाला दुखण्याबद्दल यातलं काहीच सांगितलं नाही. पहिल्या गटाला अफूजन्य वेदनाशामकं जवळपास निम्मी लागली आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले. घरी सोडणाऱ्या सर्जनना कोण कुठल्या गटातला हे ठाऊकच नव्हतं. पळून जाणं राहिलं बाजूला, माणसं लवकर उठून चालू लागली.

असं का होतं, हे मला वॉर्डात रोज दिसतं. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं की खोकलो की छाती उसवणार. तो मग वरच्यावर, चिमणीसारखा श्वास घेतो. मी तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं व्यायामाचं यंत्र, त्याच्या हातात देते तर पहिली गोळीही धड वर जात नाही. घाबरलेला माणूस ओढच घेत नाही. फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही, कफ साचतो, ताप येतो, न्यूमोनियापर्यंत मजल जाते. आता सांगा, हा मनाचा प्रश्न की फुप्फुसाचा? आणि ज्याला आदल्या दिवशी ‘तारा घट्ट असतात, उशी छातीशी दाबून धरा आणि खोका’ एवढं सांगून एकदा करून घेतलेलं असतं, त्याचा हात मी सांगण्याआधीच उशीकडे जातो.

‘सगळं सांगा’ असं मी लिहिलेलंच नाही, हेही तुमच्या नजरेतून सुटलं. किती सांगायचं हे त्या माणसाला विचारायचं असतं. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तयार झालेली, 1996 साली प्रसिद्ध झालेली एक छोटी प्रश्नावली आहे. सहाच प्रश्न. चार भीतीचे, दोन ‘तुम्हाला किती माहिती हवी आहे’ याचे. कुणाला प्रत्येक नळीचं नाव हवं असतं, कुणाला फक्त ‘मुलगी बाहेर बसलेली असेल ना’ एवढंच. पण विचारायचंच नाही आणि परस्पर ठरवून टाकायचं, हे मला मान्य नाही. संमतिपत्रावर सही तर त्याचीच घेतात ना?

आता घरचं सांगते. माझ्या वडिलांची हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या एका रुग्णालयात. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्री आयसीयूतून फोन आला की ते नळ्या ओढतायत. मी गेले तर मला म्हणाले, ‘तू यांच्यात सामील आहेस. मला विकलंत तुम्ही.’ भिंतीवर त्यांना माणसं दिसत होती. याला डिलिरियम म्हणतात. वय झालेल्या रुग्णांत, हृदयाच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो काही दुर्मीळ नाही. तो कमीजास्त होत राहतो, रात्री वाढतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. चष्मा, कानाचं यंत्र, दिवसाचा उजेड, ओळखीचा आवाज यांचा उपयोग होतो. मला हे ठाऊक होतं. वडिलांना मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरातही ‘त्यांना कशाला घाबरवायचं’ असंच ठरलं होतं आणि माझं कुणी ऐकलं नाही. भास गेले, पण आपल्याला वेड लागलं होतं ही लाज त्यांच्या मनातून कितीतरी महिने गेली नाही. माझ्या आईशीही ते त्या रात्रीबद्दल बोलत नसत. ‘असं होऊ शकतं, झालं तर ते औषधांमुळे आणि आजारामुळे, तुमच्यामुळे नाही’ हे एक वाक्य आधी कानावर पडलेलं असतं तर? याला तुम्ही चोचले म्हणता, म्हणून मी एवढी चिडले आहे.

बायपासनंतर साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं, तेही लिहिलं होतं. त्यावर तुमच्या प्रतिसादात एक अक्षर नाही.

अभ्यास जुना आहे, हे मान्य. त्या काळी माणसं रुग्णालयात राहतही जास्त दिवस. म्हणून नवा घ्या: 2016 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा मानसिक तयारीचे 105 अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले. वेदना आणि नकारात्मक भावना काहीशा कमी, मुक्काम सरासरी अर्ध्या दिवसानं कमी. पुराव्याचा दर्जा कमी आहे, असं त्यांनीच नोंदवलंय. फायदा लहान आहे, पण माणसं पळून जात असती तर आकडा उलट्या दिशेला गेला असता.

तुमच्या पित्ताशयाबद्दल काय बोलू? दुर्बिणीतून पित्ताशय काढून एक-दोन दिवसांत घरी जाणं वेगळं आणि छाती उघडून व्हेंटिलेटरवर जागं होणं वेगळं. तुम्हाला त्रास झाला नाही, छान झालं. वेळ नसण्याचं म्हणाल तर भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतोच, तेव्हा बोलता येतं. यावर आणखी वाद घालत नाही.

तुमच्या भावाबद्दल मात्र गप्प बसवत नाही. त्यांना तारीख कळलेली असणार, घरातली कुजबुजही ऐकू येत असणार. त्यांना विचारा, कशाची भीती वाटते आणि किती ऐकायचंय. श्वासाचे व्यायाम आणि उशी धरून खोकणं आत्ताच शिकून घ्यायला सांगा. आयसीयूत चष्मा द्यायला विसरू नका. रात्री काही विचित्र दिसलं तर ते तात्पुरतं असतं, हे त्यांना आणि वहिनींना, दोघांनाही सांगून ठेवा.

तुमचा प्रतिसाद मी काढलेला नाही, काढणारही नाही. पुढे काही विचारायचं असेल तर नावानिशी विचारा, उत्तर देईन. पण आजाऱ्यांबद्दल पुन्हा याच भाषेत लिहिणार असाल, तर देणार नाही.