राणीछाप भानगड

घरात जुने चांदीचे रुपये निघाले ही बातमी कोण पसरवतं देव जाणे, पण पसरते. आज्जीच्या कपाटातली खणाची पिशवी सकाळी सोडली आणि संध्याकाळी, ज्या चुलतभावाने माझ्या लग्नाला "जमलं तर बघतो" म्हणून टांग दिली होती, त्याचा मेसेज, "कसा आहेस रे?" खाली एक व्हिडिओ. त्यात एक गृहस्थ ओरडून सांगतायत की अमुक नाणं घरात असेल तर तुम्ही करोडपती, फक्त रजिस्ट्रेशनची फी भरा. म्हणजे करोडपती पण मीच आणि फी भरणारा पण मीच. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि आमच्या नावाने फी-कमिशन घ्यायला कुणालाही सांगितलेलं नाही. ते मी त्याला पाठवलं, तर म्हणाला "लोक श्रीमंत झालेले बँकेला कसं आवडेल!"

मग रविवारी सगळी मंडळी जमली. दादाने पोराच्या सायन्स किटमधलं भिंग आणलं आणि पहिला संशय घेतला तो थेट व्हिक्टोरिया राणीवर, कारण राणीचे बहुतेक रुपये १८६२ चे. "एकाच साली एवढे? कुणीतरी घरी साच्यातून पाडलेत." आता खरं म्हणजे सरकारनेच १८६२ हे साल ठशावर तसंच ठेवलं होतं, थेट १८७४ पर्यंत, आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्ष कळावं म्हणून सालाच्या आसपास बारीक ठिपके दिले. तर म्हटलं ठिपके मोजू. पण आमच्याकडे दर लक्ष्मीपूजनाला हे रुपये आज्जीने चिंचेने घासले, नंतर आईने रांगोळीने, अलीकडे वहिनीने टूथपेस्टने. तीन पिढ्यांच्या स्वच्छतेपुढे ठिपके काय टिकतायत, राणीचं नाक राहिलं हेच पुष्कळ.

सातवा एडवर्ड आईला लगेच ओळखू येतो, रुपयावर त्याला मुकुटच नाही, नुसतं टक्कल. ताईला मात्र हवा होता १९११ चा पंचम जॉर्ज. त्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती कोरलाय पण तो एवढासा की लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली आणि १९१२ पासून सरकारने हत्ती नीट काढून दिला. साहजिकच डुकरवाल्याला भाव जास्त. ताईने सगळे जॉर्ज पालथे घातले, सगळे १९१७, १९१८, १९१९ चे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आणि लगेच नंतरच्या दिवसात कोट्यवधींनी पाडलेले. "आपल्या घरात दुर्मिळ असं काही कधी आलंच नाही," असं म्हणताना ती भावोजींकडे का बघत होती कळलं नाही.

आत्याने आधीच जाहीर केलं होतं की तो वाघाचा रुपया माझा, बाबांनी मला दिलेला, सगळ्यात शुद्ध तोच, बघा कसा चकचकतोय. पुतण्याने फ्रिजवरचं मॅग्नेट जवळ नेलं आणि वाघ टक्कन चिकटला. १९४७ चा रुपया निकेलचा, चांदी औषधालाही नाही. आत्या म्हणाली मॅग्नेट चायनाचं आहे.

वजनाचं तर विचारूच नका. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. बायकोचा डाएटचा काटा अख्खे ग्रॅमच दाखवतो, त्यामुळे एकच रुपया एकदा ११ आणि एकदा १२, आणि दोन्ही वेळेला दादाचं बरोबर. बरं १९४० पासून सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली पण वजन तेच ठेवलं, म्हणजे काटा चांगला असता तरी तिथे उपयोग शून्य. मग काका म्हणाले आवाज ऐका, चांदीचा आवाज लांबतो. दुपारभर फरशीवर खणखणाट. खालच्या काकू साखर मागायच्या निमित्ताने वर येऊन सगळं मोजून गेल्या.

शेवटी सराफाकडे गेलो. मी त्याला टांकसाळ, ठिपके, टक्कल सगळं सांगतोय आणि तो कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवतोय. मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, बघितला, दोन रुपयांना माळेसाठी कडी जोडली होती ती बघून "डाक आहे", म्हणजे जोडाचा हलका धातू, म्हणून घट धरली आणि मोडीचा भाव सांगितला. मी म्हटलं अहो, ही राणी आहे. "साहेब, राणी असो नायतर राजा, काट्यावर सगळे सारखे." लोकशाही एवढ्या स्वच्छ शब्दात मला नागरिकशास्त्राच्या मास्तरांनीही शिकवली नव्हती.

मग पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका नाणेवाल्याला गाठलं. तिथे उलटंच. तो वजनाकडे बघतसुद्धा नाही, साल, ठिपके, राजाच्या भुवया, कडेचे दाते एवढंच बघतो. माझा रुपया हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "घासलेत." घासलेल्या नाण्याला शौकीन लोक विचारत नाहीत म्हणे, काळपट पडलेलं तेच चांगलं. तेव्हाच त्याच्या ट्रेमध्ये डिट्टो माझ्यासारखाच, तेवढाच घासलेला १९१८ चा रुपया दिसला. त्याचा भाव विचारला तर माझ्या रुपयाला तो जेवढे देत होता त्याच्या जवळपास दुप्पट. "तो विकायचाय ना," एवढंच उत्तर.

रात्री न्यूजर्सीहून भाच्याचा कॉल. "मामा, तिकडे कशाला विकतोस, इकडे पाठव, डॉलरमध्ये विकू." त्याला म्हटलं बाळा, १९१८ मध्ये अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि जवळजवळ २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानसाठी विकली, तेव्हा हे तुझ्याकडूनच आलेलं असू शकतं, पण आता परत येणार नाही, कारण शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते असं देशाबाहेर पाठवता येत नाही. तो म्हणाला "सॉक्समध्ये घालून आण ना."

आणि राहिला तो पिशवीच्या तळाचा मोठा. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा. रुपयापेक्षा मोठं चांदीचं नाणं आणि किंमत रुपयाचा सोळावा हिस्सा, एवढी उदार कंपनी असती तर आपण स्वातंत्र्य मागितलं असतं का? कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, जत्रेत मिळणारा मुलामा दिलेला बिल्ला आहे तो. चुलतभावाचं मत वेगळं, असली नाणी तांदूळ ओढतात आणि करोडोंना जातात. या तांदळाच्या थापेवर लोकांनी खरोखरचे लाखो रुपये घालवलेत, पोलीस केसेस झाल्यात. तरी आत्याने गुपचूप ताटलीत इंद्रायणी तांदूळ पसरून बघितलाच. नाण्याने काही ओढलं नाही, तिने तोच तांदूळ नंतर शिजवला.

सराफाने हा बिल्ला काट्यावर घेतला नाही, नाणेवाला नुसता हसला. पण आज्जी रोज पहिलं फूल त्याच्यावर वाहायची, त्यामुळे बाकी रुपयांच्या वाटण्या चहा निवायच्या आत झाल्या आणि ह्या एकावरून अजून बोलणी चालू आहेत. दादा म्हणतो थोरला मी, वहिनी म्हणते देवाचं मी करते, आत्या म्हणते माझी आई. भाच्याने काल कायदा वाचून मुद्दा काढलाय की खोटं असल्यामुळे हे पुरावस्तूत बसत नाही, म्हणजे न्यूजर्सीला पाठवायला कुणाची हरकत नसावी. त्यावर आत्या ग्रुपमधून लेफ्ट झाली.