मनुका आणि मुरमुरे

माझी भाची बॉस्टनजवळ नोकरी करते. परवा फोनवर सांगत होती, "मावशी, ऑफिसनं माइंडफुलनेसचा कोर्स लावलाय. पहिल्या दिवशी हातात एक मनुका दिली. बघायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची, मग सावकाश चावायची."

मला इगतपुरी आठवली. तिथे धम्मगिरीवर मी विपश्यनेच्या, म्हणजे मौनात बसून श्वास आणि शरीर न्याहाळण्याच्या, दहा दिवसांच्या शिबिराला बसले होते. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना मुरमुरे, फळ, चहा. मग थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुरमुऱ्याचा दाणा न् दाणा कळायला लागला. तसं खा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ही मनुका जॉन कबाट-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातली. १९७९ साली वूस्टरच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी तो सुरू केला, जुनाट दुखण्यानं पिचलेल्या पेशंटसाठी. मुळात ही साधना बुद्धाची, पण त्याचं नाव मुद्दामच मागे ठेवलं. मला त्यात वावगं दिसत नाही. कंबर धरून आलेल्या माणसाला आधी आराम पडू दे. आणि साधना बदलत आलीच आहे. ब्रह्मदेशात साध्या प्रपंचातल्या माणसांनीही विपश्यनेला बसावं, हे तिथले भिक्खू लेडी सयाडो यांनी इंग्रजी अमलात रुजवलं. म्हणून तर ती ऊ बा खिन यांच्यासारख्या सरकारी हिशेबनिसापर्यंत पोचली आणि त्यांचे शिष्य गोएंका गुरुजी यांच्याबरोबर १९६९ मध्ये भारतात परत आली.

मला खुपतं ते अशा कोर्समधून शीलाचं, म्हणजे सदाचाराच्या नियमांचं, गळणं. शिबिरात पहिल्या संध्याकाळी पंचशील घ्यावं लागतं, श्वास त्यानंतर. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे हेच माइंडफुलनेस, सातवी येते. तिच्याआधी वाणी आहे, कर्म आहे, आजीविका आहे. पोट कशावर भरतोस, हा प्रश्न बुद्धानं टाळलेला नाही.

भाचीच्या टीममधली दोन माणसं कमी केली, त्यांचं काम हिच्या गळ्यात आलं. छातीत धडधडलं की श्वास बघायचा, एवढं कोर्सनं शिकवलं. मी विचारलं, "कामाच्या बोज्याबद्दल काही बोलले?" म्हणाली, "तो विषयच नव्हता." फार वाईट वाटलं मला. पोरीचा जीव दमलाय आणि तिला सांगतात, तुझंच मन आवर.

मग तिनं विचारलं, "तुझ्या दहा दिवसांचे किती पडले गं?"

काहीच नाही. माझ्या आधी बसून गेलेल्या कुणीतरी माझ्या जेवणाचे दिले होते. कोण, ते मला कधीच कळणार नाही. शेवटच्या दिवशी जमेल तेवढं मी पुढच्यासाठी ठेवून आले.

ती बराच वेळ गप्प होती. मी सांगितलं, तुमच्याच राज्यात शेलबर्न फॉल्सला धम्मधरा हे असंच केंद्र आहे, १९८२ पासून. तेच पंचशील, तीच पहाटे चारची घंटा, तिथेही फी नाही. काल रात्री तिचा मेसेज आला: "मावशी, दहा दिवस रजा मागितलीये."