चारने भागा, म्हणजे झालं

घराची लादी बदलायची ठरवलीत ना? छान. मग आधी एक करा, मोजायची टेप घरात असेल तर लपवून ठेवा. टेप हातात आली की मोजायची खोड लागते, आणि घर मोजणारा माणूस मुंबईत सुखी झाल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा कपाटातून बिल्डरचं ॲग्रीमेंट काढा. त्यात कार्पेट एरिया छापलेला आहे, त्यावर तुम्ही स्टॅम्प ड्युटी भरली आहे. एवढा महागाचा आकडा, तो कशाला चुकेल?

आता २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे, तिच्यात खोल्यांमधल्या आतल्या भिंतींची जागा धरतात आणि बाल्कनीची धरत नाहीत. म्हणजे हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीखाली घालायला तुमच्याकडे टाईल येतील, आणि बाल्कनीत उघडा कोबा राहील. राहू दे. कबुतरं तक्रार करत नाहीत. नशीब समजा की सुपर बिल्टअपचा आकडा हाती लागला नाही, नाहीतर जिना, लॉबी आणि वॉचमनच्या खुर्चीखालची जागासुद्धा तुमच्याच खर्चानं चकचकीत झाली असती.

तरीही मोजायचंच असेल तर एकाच भिंतीपाशी मोजा. दोन ठिकाणी टेप लावली की खोली दाराशी नऊ फूट दोन इंच आणि खिडकीशी नऊ फूट चार इंच निघते. मिस्त्री म्हणतो, खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. हे आपल्याला माहीत नसलेलंच बरं. कर्जाचे हप्ते अजून बरेच बाकी आहेत.

मग भागाकार. दोन बाय दोनची टाईल म्हणजे चार चौरस फूट, हे तर दुसरीतलं पोरही सांगेल. पेटीवर बारीक अक्षरांत ६०० मिमी असं काहीतरी छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिमी, हे खरं. त्यामुळे टाईल प्रत्यक्षात ३.८७ चौरस फूट भरते आणि चार टाईलच्या पेटीत सोळाऐवजी साडेपंधराच फूट येतात, हेही खरं. पण अर्ध्या फुटासाठी दुकानदाराशी हुज्जत घालणं बरं दिसतं का? (या शहरात पेटी म्हणजे लाख. टाईलवाल्यानं ‘किती पेट्या देऊ’ विचारलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.)

आमच्या बेडरूमचं उदाहरण घ्या. दहा फूट चार इंच बाय नऊ फूट दोन इंच. दुकानदारानं कॅल्क्युलेटरवर बोट फिरवलं: ९४.७ फूट, भागिले चार, २३.७. ‘चोवीस टाईल, साहेब. सहा पेट्या. एक तुकडा वाया जाणार नाही!’ गणित असं काटेकोर सुटलेलं मी दहावीनंतर पाहिलंच नव्हतं. तो म्हणालाही, की कापण्या-फुटण्यासाठी लोक पाच ते दहा टक्के जास्त नेतात, तिरकी बसवायची तर पंधरा. पण शुभकार्यात फुटण्याची भाषा कशाला? मी नम्रपणे नाही म्हणालो. आमचे एक काका तर म्हणाले होते, ‘कपाटाखालची जागा वजा कर, तिथं कोण बघतंय?’ तेवढा धीर मात्र मला झाला नाही.

पंचवीस-तीस किलोची एकेक पेटी. मालासाठी लिफ्ट वापरायची नाही असा सोसायटीचा नियम, म्हणून हमालांनी पाच मजले खांद्यावरून चढवल्या. मिस्त्रीनं माल कालवायच्या आधी टाईल नुसत्याच जमिनीवर मांडून बघितल्या. लांबीत पाच पूर्ण बसल्या आणि कडेला सहा इंचांची फट राहिली. रुंदीत चार पूर्ण बसल्या आणि साडेपंधरा इंच उरले. म्हणजे अख्ख्या वीस, आणि साडेपंधरा इंचांच्या कापायच्या पाच. त्या पाच कापल्यावर प्रत्येकीची आठ इंचांची जी पट्टी उरणार, तिच्यातूनच त्यानं कडेच्या फटीचे तुकडे काढायचे ठरवले. या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. एवढी काटकसर करून पंचवीस झाल्या. माझ्याकडे चोवीस.

एकच कमी ना, असं मी म्हणतोय तोवर तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘साब, और स्कर्टिंग का माल?’ स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची टाईलची पट्टी.

खोलीची कड मोजली तर दार सोडून छत्तीस फूट. चार इंची पट्ट्या एका टाईलमधून पाच निघतात, म्हणजे स्कर्टिंगलाच आणखी चार टाईल. एकूण एकोणतीस. संध्याकाळी त्यातल्या एकीचा कोपरा उडाला, तीस.

आई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, ‘पंगतीला किती पानं वाढायची हे तू हॉलचं क्षेत्रफळ काढून ठरवतोस का? एका ओळीत किती, आणि ओळी किती, एवढंच तर बघायचं.’ मी तिला समजावलं की जग आता पुढे गेलंय.

सहा टाईल हव्या होत्या, म्हणून दोन पेट्या आणायला गेलो. तेच नाव, तेच डिझाइन, माल तोच गुजरातेतल्या मोरबीचा, फक्त बॅच नंबर वेगळा. दर भट्टीला रंगाची छटा थोडी बदलते, म्हणून तो नंबर पेटीवर छापलेला असतो. तुम्ही मात्र वाचू नका. दुकानदार म्हणाला, ‘लागल्यावर कळणारसुद्धा नाही.’ लागल्यावर असं कळलं की पहिल्या चोवीस दुधाच्या रंगाच्या आहेत आणि नंतरच्या सहा त्याच दुधात चमचाभर चहा सांडल्यासारख्या. मग त्या सहांपैकी चारांची स्कर्टिंग झाली. पाहुण्यांना आम्ही ती मुद्दाम निवडलेली बॉर्डर म्हणून दाखवतो. उरलेल्या दोन कोपऱ्यात बसवून त्यांच्यावर कपाट सरकवलं. काका अगदीच चुकले नव्हते.

उरलेल्या टाईलची चिंताही करू नका. दुसऱ्या खेपेच्या दोन शिल्लक आहेत. एक फ्रिजखाली, एक तुळशीखाली. नशिबात आणखी फूटतूट असेल तर तुकडे गोणीत भरून ठेवा. मुंबईच्या किती गच्च्यांवर पावसापासून बचावासाठी चायना मोझॅक घातलेला असतो, आणि तो फुटक्या टाईलचाच तर असतो. गिरगावात आजोबांच्या खोलीत मात्र नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या होत्या. स्वदेशीच्या जोरावर १९२२पासून मुंबईजवळ अशा लाद्या बनू लागल्या, त्यातल्याच असाव्यात. कोणी किती मोजून बसवल्या देव जाणे, पण छटा सगळ्यांची एकच होती. अर्थात तेव्हाच्या लोकांना एवढे पर्यायही नव्हते.

परवा खालच्या मजल्यावरचे काका आले, त्यांनाही बेडरूमची लादी बदलायची आहे. आमच्या बेडरूमसारखीच त्यांची बेडरूम, इंचाचाही फरक नाही. हातात वही, कानावर पेन्सिल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेट्या लिफ्टनं नेण्याला विरोध करणारे ते हेच.

‘काय रे, किती टाईल लागल्या तुला?’

‘चोवीस, काका,’ मी म्हणालो. ‘चारने भागा, बरोब्बर येतं.’