रुंद टायर म्हणजे जास्त पकड? एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारपुरता खुलासा

‘एमजीबीला 165 आर 14 ऐवजी 185/60 आर 14 टायर घाला, मुंबईच्या पावसात पकड वाढेल’ असा मेसेज फिरतोय. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, तिरक्या रेषेनंतरचा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा चाकाचा व्यास इंचांत.) साचलेल्या पाण्यात होतं उलटंच: रुंद टायर पाणी तितक्या पटकन बाजूला सारू शकत नाही, लवकर तरंगतो. शिवाय व्यास साधारण 620 मिलिमीटरवरून 578वर येतो. म्हणजे गाडी 21 मिलिमीटर खाली बसते (आपले स्पीडब्रेकर आठवा!) आणि स्पीडोमीटर सुमारे 7 टक्के जास्त वेग दाखवतो. रुंदच हवा तर 185/70 आर 14 व्यासाला जवळचा. पण मागे मडगार्डला घासतो का, ते माणसं बसवून तपासा. मूळच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब हवीच, नाहीतर स्पोक आवळणाऱ्या निपलांतून हवा गळते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 2314 म्हणजे 2014चा 23वा आठवडा. एवढं जुनं, कडक झालेलं रबर फुकटातही नको.