ख्रिसमसच्या सुट्टीत तिकडे काय होतं, ते कुणी सांगत का नाही?

कॉलेजच्या एक्सचेंजवर जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलांना डिसेंबरबद्दल जे सांगतात ते अर्धवट असतं, आणि दर वर्षी हा महिना आला की माझं टाळकं सटकतं. ठाण्यात भेटेल तो विचारतो, "तू जर्मनीत होतीस ना गं? ख्रिसमसला काय धमाल केली असशील!" नाही केली. धमाल करायला काहीतरी उघडं असावं लागतं.

तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ना, दिव्यांच्या माळा, लाकडी स्टॉल, गरम वाइनचे मग, ते ख्रिसमस मार्केट. ड्रेस्डेनचं तर १४३४ पासूनचं आहे. सुंदरच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते नोव्हेंबरच्या शेवटी लागतं आणि बहुतेक गावांत २३-२४ डिसेंबरला उठतं. खरा सण २४ च्या संध्याकाळी घराघरांत सुरू होतो, आणि त्यातलं एकही घर तुमचं नसतं. २४ ला दुपारी दोननंतर दुकानं बंद, तसा कायदाच आहे. २५ आणि २६, दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. त्याला लागून रविवार आला तर तोही गेला, कारण रविवारी तिथे सुपरमार्केट उघडत नाहीत. इथे ठाण्यात, नौपाड्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री दही संपलं तरी कुठेतरी मिळतंच. त्या सवयीने वाढलेल्या पोरीला हे आधी कुणी सांगायला नको?

मी २०२४ च्या हिवाळ्यात होते. विसाव्या तारखेपासून हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये बॅगांची चाकं वाजायला लागली. कॉमन किचनमधल्या फ्रीजचे कप्पे एकेक करून रिकामे झाले. उरला माझा कप्पा: दही, अर्धा कोबी, आणि कुणीतरी 'खाऊन टाक' अशी चिठ्ठी लावून ठेवलेलं चीज. कॅन्टीन बंद, लायब्ररी बंद. २५ ला खोलीतला हीटर गार पडला. ऑफिसला मेल केली तर आपोआप उत्तर आलं की नवीन वर्षात भेटू. दाराजवळ लावलेल्या इमर्जन्सी नंबरवर भराभर जर्मनमध्ये रेकॉर्ड केलेला निरोप, आणि फोन कट. दोन स्वेटर आणि जॅकेट घालून झोपले मी. हॉस्टेलच्या ऑफिसला माहीत नव्हतं की परदेशी मुलं मागे राहतात? यादी होती त्यांच्याकडे. भाडं मात्र वेळेवर कापून घेत होते.

"मग घरी यायचं होतंस ना!" हे म्हणणाऱ्या काकूंना माझा साष्टांग नमस्कार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेक्चर्स, फेब्रुवारीत परीक्षा, आणि डिसेंबरात तिकिटांचे भाव आभाळाला भिडलेले. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच सुटायचे. त्यात भाडं, विमा, खाणं. कुठल्या पैशांनी यायचं होतं मी?

जर्मन लोकांना मी नावं ठेवत नाही. त्यांची ती दिवाळी. आईवडिलांकडे जाणारच ते. पण ठाण्यात, चरईत आमच्या मजल्यावर ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिश्चन समाजातल्या, आंटी राहतात, आणि २५ ला सकाळी त्यांच्याकडून कलकल, नेवऱ्या अशा गोडाचं ताट आलं नाही असं माझ्या आठवणीत एकही वर्ष नाही. नाताळ म्हणजे शेजारच्या घराचं दार उघडं, एवढंच मला माहीत होतं. तिथे दुपारी चारला अंधार आणि सगळी दारं लावलेली. रात्री आठ वाजता जीव कासावीस व्हायचा, तर ठाण्यात साडेबारा वाजलेले असायचे. आईला उठवून काय सांगणार? आणि सकाळी उठावं तर फॅमिली ग्रुपवर मेसेज: "फोटो टाक की! एकटी एकटी मजा करतेय." अरे, कसले फोटो टाकू? बंद शटरचे?

राग सगळ्यात जास्त कॉलेजचा येतो. नवी मुंबईतलं आमचं कॉलेज काही पहिल्यांदा मुलं पाठवत नाहीये. परत आलेल्या प्रत्येकाकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात. मी दोन पानं लिहून दिली होती. वाचली कुणी? यंदा माझी मावसबहीण जातेय, तिच्या ओरिएंटेशनमध्ये पुन्हा तोच मार्केटचा फोटो आणि 'आयुष्यभराचा अनुभव'. सुट्टीत हॉस्टेलमध्ये कोण कोण राहणार, हीटर बंद पडला तर इंग्रजी बोलणारं माणूस कुठे मिळेल, पैसे संपले तर काय, यावर अवाक्षर नाही.

म्हणून मीच तिला बसवून सांगितलं. तांदूळ, डाळ, दूध, ब्रेड २३ लाच भरून ठेव, २४ ला रांगा दारापर्यंत येतात. स्टेशनातली दुकानं बऱ्याचदा उघडी असतात. तुर्की डोनरवालेही (कबाबचे रोल विकणारे) बरेचसे चालू असतात, तिथे गरम खायला मिळेल आणि कुणीतरी बोलेल तरी. मागे राहणारी मुलं डिसेंबर लागायच्या आधीच शोध आणि एकत्र जेवायचं ठरव. अंगात ताप असला, मन खचलं, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी मला फोन कर.

तिने हे सगळं वर्गात सांगितलं, तर कोऑर्डिनेटर मॅडमचा मला फोन. "मुलांना उगाच घाबरवू नकोस गं." घाबरवू नको? मग मॅडम, तुम्ही सांगा ना! पगार तुम्हाला मिळतो त्याचा.