खुलासा: ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाही

परवा मी ही मूळ संख्या असल्याचं लिहिलं आणि तो मेसेज बराच फिरतो आहे. ते चूक होतं. २, ३, ५, ७ ने भाग जात नाही एवढं पाहून मी थांबलो होतो.

६४१ ला ६७,००,४१७ ने कागदावर गुणून पाहा, हीच संख्या येते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ हा भाजक दाखवला. पुढे त्याने सिद्ध केलं, आणि हे मला फार सुंदर वाटतं, की या संख्येचा मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. म्हणजे तपासायचे मोजकेच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथे हा गुणाकारही टाका.